नवरीचा हात लागल्याशिवाय

माइक जरा खाली करता का? हां, झालं.

आबा, सरपंच, आपल्या वराळ्याच्या बचत गटातल्या सगळ्या ताया, सुदुंबऱ्याहून, शिरगावहून, लोणावळ्याहून आलेली सगळी माणसं, तुम्हा सगळ्यांना हात जोडते. मी वनिता, भिमाबाईंची सून. कालच त्यांचा तेरावा झाला. घरी रडून झालंय, म्हणून वाटलं होतं इथं नीट बोलता येईल. आता उभी राहिले तर समोर त्या खांबाजवळची जागा रिकामी दिसतेय. भजनाला त्या तिथंच बसायच्या. तेव्हा मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

शोकसभेत सुनेनं उठून बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. पुरुष बोलतात आणि गेलेल्या माणसाला देवमाणूस करून टाकतात. माझ्या सासूबाई देवमाणूस नव्हत्या. चहात साखर कमी पडली की कप परत करायच्या. भाकरी जाड झाली की मला ऐकू जाईल अशा बेतानं कोंबड्यांशी बोलायच्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. आमची भांडणं या आळीला पाठ आहेत, ते काय लपवायचं?

पण मला आज एकच सांगायचंय. मी जी काही आज आहे, ती आत्यांमुळे.

तुम्हाला आठवत असेल, मी तळेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जायचे. कंत्राट संपलं आणि घरी बसले. माझ्या बहिणीकडे चिंचवडला ते कागद कापायचं मशीन बघितलं होतं. मोबाईलवर चित्र काढायचं, मशीनला पाठवायचं, आत इवलीशी सुरी असते, ती सरसर कागद कापते. जाळी, फुलं, नावं, काय पाहिजे ते. माझं मन त्याच्यावर बसलं. घरात विषय काढला. हे म्हणाले, "घरात उभं राहायला जागा नाही, मशीन कुठं ठेवणार?" खरंच होतं. बाहेरच्या खोलीत इंद्रायणी तांदळाची पोती, त्याला लागून आत्यांची खाट. झालं.

दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन आले तर पोती जाग्यावर नाहीत. सगळी खाटेखाली ढकललेली. खाटेचे चारी पाय विटांवर चढवलेले. आणि आत्या त्या उंच खाटेवर पाय लोंबकळत सोडून बसलेल्या.

"हितं ठिव तुजं मशीन," म्हणाल्या. "मला आता खाली उतराया येत न्हाई, तवा तूच च्या आणून दे."

तेव्हापासून त्या तशाच उंचावर झोपल्या. कधी तक्रार नाही. माझ्या आईनं माझ्यासाठी खूप केलं, पण मला जागा कुणी दिली असेल तर ती सासूनं दिली. हे मी त्यांना तोंडावर कधी बोलले नाही. आज सगळ्यांसमोर बोलते. आत्या, लय उपकार झाले.

मशीन आलं. आता त्या मशीनबरोबर एक पाट येतो. त्याच्यावर कागद चिकटवून मग आत सरकवायचा. पाट मुद्दामच चिकट असतो, म्हणजे कागद हलत नाही. मी बाजारात गेले होते. परत आले तर मशीन काही केल्या चालेना. कागद नुसता गोळा व्हायचा, फाटायचा. मी रडकुंडीला आले. आत्या शांतपणे म्हणाल्या, "तुजा पाट लय चिकाट झालाता. कायतरी सांडलं आसंल. मी चांगलं तांदळाचं पीठ लावलंय त्याला. आता बग, कायबी चिटकायचं न्हाई!"

हसा, हसा. त्या असत्या तर त्यापण हसल्या असत्या. जन्मभर भाकरी थापलेली बाई, चिकट पाट बघितला की दुसरं काय करणार? भाकरी चिकटू नये म्हणून पीठ लावतात, तसं लावलं. तो पाट मी साबणाच्या पाण्यानं धुतला, सावलीत वाळवला, आणि नशीब माझं, त्याचा चिकटपणा परत आला. पण त्या दिवसापासून आत्या मशीनजवळ यायला लागल्या. कापलेल्या कागदातले नको ते बारीक तुकडे टोकदार सुईनं वेचून काढायचं काम त्यांनी घेतलं. पॉलीहाऊसमध्ये वर्षानुवर्षं गुलाबाचे काटे काढलेले हात ते. माझ्याकडून कागद फाटायचा, त्यांच्याकडून कधी नाही.

सुरुवातीला आम्ही लोणावळ्याच्या बंगल्यांचं काम करायचो. शनिवार-रविवार पाहुणे येतात, त्यांचे वाढदिवस असतात, त्यांना भिंतीवर नाव पाहिजे, फुलपाखरं पाहिजेत. काम बरं होतं. एकदा आत्या म्हणाल्या, मलाबी बघायचंय कुटं लावत्यात ते. गेलो दोघी. आमच्या लाकडी चौकटीवर सजावट लावली, दुसऱ्या दिवशी ती चौकट परत आणायला गेलो, तर आमची सगळी फुलपाखरं बंगल्यामागच्या कचऱ्यात. केकच्या खोक्याखाली. त्यांचं काही चुकलं नाही, वाढदिवस झाला, संपलं. पण आत्या येताना गाडीत वाकसईच्या पुढं आल्यावर म्हणाल्या, "वने, आपुन लोकांसाटी कचरा करतो का गं?"

उत्तर त्यांनीच शोधलं. पुढच्या आठवड्यात मला म्हणाल्या, "रुखवत कर."

रुखवत म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू मांडवात मांडायच्या. डोली, सनई-चौघडा, तुळशीवृंदावन, सप्तपदी. पण आता पोरी शिकतात, कंपनीत जातात, त्यांना कुठला वेळ? पहिली आई आमच्याकडे आली ती पदर तोंडाला लावून आली. म्हणाली, "समदं करून द्या, पर कुणाला सांगू नका. पोरीनं केलंय म्हनून सांगनार हाय."

मी हो म्हणणार होते. आत्या वरून खाटेवरून म्हणाल्या, "करून देतो. पर पोरीला घिऊन ये."

"तिला कशाला?"

"तिचा हात लागल्याबिगर मी रुखवत उंबऱ्याभायेर जाऊ द्यायची न्हाई. येक पाकळी चिटकवू दे. पर चिटकवू दे. मग ती 'मी केलं' म्हनाया मोकळी, आन तूबी मोकळी, आन मीबी खोट्यात न्हाई."

झालं, तोच आमचा नियम. ज्यानं त्यानं नावं ठेवली. लोक म्हणायचे, गिऱ्हाइकाला कामाला लावणारं दुकान पहिल्यांदा बघितलं! पण पोरी यायला लागल्या. सुट्टी टाकून यायच्या. आमच्या ओट्यावर बसायच्या, समोर फेविकॉलची बाटली आणि एक शेवटचा तुकडा. चिकटवायला कितीसा वेळ लागतो? पण बसायच्या तासन्‌तास. आत्या चहा पाजायच्या आणि प्रत्येकीला एकच विचारायच्या, "बाय, मनापासनं चाललीस न्हवं?"

बहुतेक जणी लाजायच्या. एक जण नाही लाजली. तिनं बाटली हातात घेतली आणि तशीच धरून बसली. आत्यांनी हळूच तिच्या हातातून बाटली काढून घेतली, टोपण लावलं आणि म्हणाल्या, "आज राहू दे. घरी आईसंगं बोल." ते लग्न झालं नाही. अख्खं रुखवत आमच्या माळ्यावर पडून राहिलं. मी कुरकुरले. आत्या म्हणाल्या, "कागद लय मिळंल गं." ती मुलगी कोण, हे माझ्या तोंडून कधी बाहेर येणार नाही. बरी आहे, सुखात आहे, एवढं पुरे.

आता या धंद्याची गंमत बघा. जगात प्रत्येक धंद्याची पाटी असते. आमच्या धंद्याला पाटी नाही. जाहिरात करायची कशी? आमचं काम चांगलं झालं की लोक म्हणणार, पोरीनं किती छान केलंय! गिऱ्हाईक खूश झालं की आमचं नाव लपवणार. आत्या लग्नांना जायच्या, आपणच वेचलेल्या जाळीसमोर उभ्या राहायच्या, आणि कुणी म्हणालं "बघा मावशी, नवरीनं काय काम केलंय," की मान डोलवायच्या. "व्हय की, लय हुशार हाय पोर." आणि जेवून घरी यायच्या. एकदा मी चिडून म्हणाले, आत्या, एवढं करून तुमचं नाव कुठंच नाही. त्या म्हणाल्या, "नाव घेयाला उखाना हाय की. तितं नवऱ्याचं नाव येऊ दे."

आता शेवटचं सांगते. हे मी रोशनीला विचारून सांगतेय. रोशनी, बस तू, उठू नकोस.

रोशनी वर डोंगराकडच्या वाडीतली. तिची आई आमच्या आत्यांबरोबर पॉलीहाऊसमध्ये कामाला होती. वाडीवर रुखवताची रीत फारशी नाही, पण पोरीला हौस. आत्यांनी तिला शब्द दिला होता, "तुजं रुखवत मी करनार." सगळं तयार झालं होतं. फक्त डोलीचा पडदा राहिला होता, तो तिनं येऊन चिकटवायचा होता. ती ज्या सकाळी यायची होती, त्याच सकाळी आत्या चहा पिऊन ओट्यावर बसल्या, त्या परत उठल्या नाहीत.

रोशनी आईबरोबर फाटकापर्यंत आली, गर्दी बघितली, आणि दोघी रडत तशाच बाहेर थांबल्या. रुखवताचं नाव काढलं नाही. कसं काढणार? आणि मी तरी कसं काढणार? घरात सुतक. लग्न चार दिवसांवर. आत रुखवत तयार, आणि बाहेर काढायची सोय नाही. मला आत्यांच्या जाण्याइतकंच त्या शब्दाचं वाईट वाटत होतं. त्यांनी दिलेला तो शेवटचा शब्द होता.

मी आबांना विचारलं. आबा इथं बसलेत, आत्यांचे दीर. त्यांनी सांगितलं, "सुतकातली वस्तू मांडवात जात न्हाई." बरोबरच सांगितलं. रीत आहे ती.

दोन दिवसांनी रोशनी एकटी आली. फाटकाशी उभी राहिली आणि म्हणाली, "माझं काम राहिलंय. मावशीनं बोलावलं व्हतं."

आबा म्हणाले, "पोरी, सुतक हाय."

ती म्हणाली, "आबा, मावशीनं मला लहानाची मोठी बघितली. तिचं सुतक तुमालाच कसं? मलाबी हाय की. मंग माझं मला काय बाटनार?"

आबा उठले. स्वतः आत गेले, एकेक वस्तू उचलून बाहेर उन्हात आणून ठेवली. गोमूत्राची वाटी मागवली आणि शिंपडायला लागले, तशी मी ओरडले, "आबा, बेतानं, कागद आहे तो!" तुळशीवृंदावनावर एक डाग पडलाच. आबा, रागावू नका, सांगून टाकलं. तुम्ही त्या दिवशी जे केलंत, त्याबद्दल मी तुमचे पाय धरते.

रोशनीनं शेजारच्या ओट्यावर बसून पडदा चिकटवला. मी बाजूला उभी होते. आत्यांचा प्रश्न विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मी विचारला. "बाय, मनापासनं चाललीस ना?" ती रडत रडत हसली आणि हो म्हणाली.

आम्ही लग्नाला जाऊ शकलो नाही. नंतर कळलं. मांडवात तिच्या सासूनं पाहुण्यांना सांगितलं, बघा, आमच्या सुनेनं काय काम केलंय. आणि भर मांडवात ही पोरगी म्हणाली, "न्हाई. हे वराळ्याच्या भिमामावशीनं केलंय. मी निस्ता पडदा चिटकावलाय."

इतक्या लग्नांत आत्यांचं नाव रुखवतापाशी पहिल्यांदा घेतलं गेलं. ऐकायला आत्या नव्हत्या. मी ऐकलं, आणि आत्यांच्या खाटेवर बसून पोटभर रडले. दुःखानं नाही. त्यांनी काय दिलं, ते कुणीतरी माझ्या आधी चारचौघांत बोलून दाखवलं म्हणून.

मला वाटलं होतं, आता मशीन बंद करावं. नाही करणार. ओटा तिथंच आहे, बाटली तिथंच आहे. नियमही तोच राहील.

आता आपण दोन मिनिटं उभं राहून आत्यांना श्रद्धांजली वाहू या. त्याआधी एक विनंती. या सभामंडपात किती जणींच्या रुखवताला आत्यांचा हात लागलाय, ते मला माहीत आहे. तुमच्या सासवा इथं आहेत, नणंदा इथं आहेत. मी एकीचंही नाव घेणार नाही. आत्यांनी घेतलं नाही, मी कोण घेणारी? पण तुमच्या मनात असेल, भिमामावशीसाठी आपण उठून उभं राहावं, तर आत्ता राहा. आत्ता सगळेच उभे राहणार आहेत. कोण कशासाठी उभं राहिलं, हे कुणालाही कळणार नाही.

उठा.