चार वर्षांची डिग्री तीन वर्षांत

तुम्हाला सांगतो, इंजिनिअरिंगची चार वर्षांची डिग्री मी तीनच वर्षांत घेतली, तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले ते माझे वडील, आमचे आबा. डिप्लोमा झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळायचा, तसा मला धुळ्याला मिळाला होता. निकाल घेऊन असोद्याला घरी आलो. वाटलं, आबा पाठ थोपटतील. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "शेजारच्या पोराले चार वर्सं लागली. तुले तीनात कशी देली? पेढे मंग वाटू, आधी तुह्या साहेबाले इचारू."

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही दोघं धुळ्याला गेलो. मी लाजेनं अर्धा झालो होतो. आबांनी आमच्या सरांना हात जोडले.

"साहेब, मी केळीवाला माणूस. पावडर टाकून पिकवलेली केळी वरून पिवळी दिसते, पण आत कच्ची राह्यते. माह्या पोराचं तसं तं नाही ना? असंन तं अजून एक वर्स ठेवून घ्या."

सर हसले नाहीत. त्यांनी आबांना खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "आबा, तो आधी तीन वर्षं डिप्लोमा शिकून आला होता. म्हणून त्याला पहिलं वर्ष माफ."

आबांनी बोटं मोजली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"तीन अन् तीन, सहा! मंग असं सांगा ना!"

संध्याकाळी गावात पेढे वाटताना ते ज्याला त्याला सांगत होते, "चार वर्साचीच डिग्री हाये, पण आमच्या पोरानं चांगली सहा वर्सं लावली!"