पोटातलाच जंतू

(लाँड्रीची मागची खोली. बायको चादरींना इस्त्री करते आहे. क्रेनवाला नवरा दारात उभा आहे, हातात कागद.)

क्रेनवाला : ...झालं गेलं विसर. रिपोर्ट बघ तरी.

बायको : हात गुंतलेत. तुम्हीच वाचा. मोठ्याने.

क्रेनवाला : बाहेर गिऱ्हाईक आहे.

बायको : मला हाकललंत तेव्हा अख्खा जिना ऐकत होता. वाचा.

क्रेनवाला : प्रोस्टेट ग्रंथीला जुनी सूज. जंतूंमुळे. डॉक्टर म्हणाले, आतड्यात असतो तोच जंतू. लघवीच्या वाटेने चढला आणि ग्रंथीत ठाण मांडून बसला.

बायको : कुणाच्या आतड्यातला?

क्रेनवाला : माझ्याच.

बायको : आणि मी बाहेरून आणलेला रोग?

क्रेनवाला : तो नाहीच निघाला.

बायको : माझ्या तपासणीतही नव्हता निघाला. लॅबवाल्याला फितवलंस म्हणालात.

क्रेनवाला : डोकं फिरलं होतं गं. दर दोन महिन्यांनी आग, ताप, धड बसवत नव्हतं. साईटवर सगळे म्हणायचे, हे बाईकडूनच येतं.

बायको : आणि गोळ्या? घेत होतात ना?

क्रेनवाला : पाच दिवस. बरं वाटलं की उरलेल्या क्रेनच्या केबिनमध्ये ठेवायचो. पुन्हा दुखलं तर तेवढ्यासाठी खाली कोण उतरणार? डॉक्टर म्हणाले, अर्धवट औषधाने तो मेलाच नाही. आता सहा आठवडे, एकही चुकवायची नाही.

बायको : म्हणजे खाली उतरायचा कंटाळा तुमचा, आणि घराबाहेर मी.

क्रेनवाला : चुकलं. चल घरी. आईला सांगतो, तू माफी मागितलीस, मीही मन मोठं केलं. विषय संपला.

बायको : माफी मी मागितली?

क्रेनवाला : नुसतं सांगायला. म्हातारीला ग्रंथीबिंथी काय कळणार? तू असलीस की गोळ्यांच्या वेळाही पाळल्या जातील.

बायको : पोरगी माझं नाव काढते?

क्रेनवाला : आधी काढायची.

बायको : तिला हा कागद वाचून दाखवा. मग येते.

क्रेनवाला : वेडी का तू? दहा वर्षांच्या पोरीला बापाचं हे असलं सांगू?

बायको : आईचं कुणी सांगितलं?

क्रेनवाला : ते माझ्या आईने सांगितलं. मी काही बोललो नाही, मी तिथे जेवत होतो.