बांधापलीकडचा गहू

शेजारी : तू आणणार तो रीपर नुसतं कापेल. मग पेंढ्या बांध, मळणी यंत्र आण, वर उपणत बस. आणि इथे कापून, मळून, पाखडून टाकीत भरणारा हार्वेस्टर उभा आहे!

मुलगी : तुमच्या गव्हात उभा आहे, काका.

शेजारी : आठवडा झाला. चिमण्यांनी संसार थाटलाय त्यात. घेऊन जा.

मुलगी : त्या सीटवर बाबा गेले. मी नाही बसणार.

शेजारी : मग बटाटे काढायचं यंत्र आण. गव्हाला उपयोग शून्य, पण सीट वेगळी मिळेल.

मुलगी : एका बांधापायी अकरा वर्षं बोलला नाहीत आमच्याशी. आज एवढं कुठून सुचतंय?

शेजारी : तुझ्या ओंब्या झडायला लागल्यात. आणि... एक सांगायचंय. त्या दिवशी हार्वेस्टर बांध ओलांडून माझ्या रानात शिरला ना, मला वाटलं, मुद्दाम घातला.

मुलगी : बाबा तेव्हा शुद्धीत नव्हतेच हो. नुसतं यंत्र चालत होतं.

शेजारी : मला काय ठाऊक? मी बाजूने शिव्या देत चाललो होतो.

मुलगी : चालत?

शेजारी : कापताना त्याची चाल ती किती! धावायची गरजच पडली नाही. अख्खा पट्टा संपेपर्यंत. पार त्याच्या पणजोबांपर्यंत पोचलो होतो.

मुलगी : मग कळलं कधी?

शेजारी : पणजोबांचा उद्धार झाला आणि हा गप्प. तुझा बाप, आणि गप्प? वर चढलो. इंजिन बंद केलं. त्याची टोपी सरळ केली.

मुलगी : म्हणजे शेवटी तुमचाच आवाज असेल त्यांच्या कानात.

शेजारी : म्हणून तर डोळ्याला डोळा लागत नाही, पोरी.

मुलगी : ...पट्टा मात्र सरळ गेलाय.

शेजारी : दोरी धरल्यासारखा. जिवंतपणी कधी जमलं नाही त्याला.

मुलगी : टाकीत दोघांचा गहू मिसळलाय.

शेजारी : असू दे मिसळलेला.

(ती शिडी चढते. तिसऱ्या खेपेला इंजिन धरतं.)

मुलगी : काका, बाजूने चाला.

शेजारी : चालतो. तोंड बंद ठेवून.

मुलगी : नको. शिव्या द्या. मी उलटून बोलते.