शायनाचे शंभर टक्के

— नाही नाही सर, कॉम्प्युटर बिघडलेला नाही. फोनवर मी तसं म्हटलं, कारण बिघडलाय म्हटल्याशिवाय पुण्याहून वरवंडला येतंय कोण? बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो — ही घ्या. तुमचं सॉफ्टवेअर छान आहे हो, अगदी छान — पूर्वी शाळेची तपासणी म्हटली की चौतीस मुलांच्या चौतीस फायली, आणि आमचे मुख्याध्यापक मारुतराव सर आठवडाभर डबा न उघडता त्यात बुडालेले. आता कुणाचा मेडिकल दाखला संपला, कुणाच्या आराखड्यावर सही राहिली — लाल. सगळं नियमात बसलं — हिरवं. उद्या तपासणीचे साहेब येतायत आणि आमचं सगळं हिरवंगार आहे. तेच तर दुखणं आहे.

हे बघा, नोंद सतरा. शायना, वय नऊ. प्रगती शंभर टक्के. आणि खाली काय म्हणतोय? "साहाय्याची गरज नाही. नाव कमी करण्यास पात्र." मतिमंद मुलांच्या शाळेत शंभर टक्के! हा कागद साहेबांच्या हातात पडला की जागा गेली — मग ती जाणार कुठं? दौंडला दोन शाळांनी तिला परत पाठवलंय. म्हटलं आकडा जरा खाली घेऊ, तर तुमचं सॉफ्टवेअर मागच्या महिन्यापेक्षा कमी घेतच नाही. नुसतं चढायचं — उतरायची सोयच नाही. असं कुठल्या माणसाचं असतं हो? माझंच बघा, बी.कॉम. झाले, आणि भाजीवाल्यापुढं बोटं मोजते.

कुणी भरलं? भरलं असेल कुणीतरी — म्हंजे कॉम्प्युटरवर मीच बसते, पण खोटं त्यात एक नाही. "अनोळखी व्यक्तीशी संपर्क साधते" — साधला ना. एसटीच्या कंडक्टरला चावली. "ओ ताई, पोरगी चावली की मला!" — झाला संपर्क. "केस विंचरते" — विंचरते की, शेळीचे. "घरकामात मदत करते" — सासूबाई भाकरीचं पीठ मळत होत्या, तिनं अख्खी कळशी ओतली त्यात. तर सासूबाई म्हणतात, "आसमीन, लिही तुझ्या त्या मशिनीत, पोरीनं मदत केली म्हून —"

हं. बरोबर ऐकलंत. माझ्या सासूबाई. माझीच आहे शायना. आडनाव वाचूनच कळलं होतं ना तुम्हाला? मग इतका वेळ गप्प का, सर — मजा बघत होता? बघा, बघा. बाकीची तेहतीस मुलं मी अगदी काट्यावर तोलून भरलीत, विचारा कुणालाही. अक्रमची आई म्हणाली, जरा वाढवा की मॅडम, तर तिला मी वीस मिनिटं प्रामाणिकपणावर ऐकवलं. आणि स्वतःच्या लेकीला दर महिन्याला पाच-पाच. काय करू — शाळा सुटायच्या आधी तो आकडा उघडून नुसती बघत बसायचे. साठ. पासष्ट. एवढी शिकलेली बाई, पण माझ्याच हातानं टाकलेला आकडा मलाच खरा वाटायला लागला.

खाली घेता येतो? तुमच्या पासवर्डनं? मग घ्या की, चारला लाईट जाते आमच्याकडं! कारण लिहावं लागतं? "टायपिंगची चूक" — चालतं ते? ...नको. टायपिंग माझं चांगलं आहे. लिहा, "आईने भरले." नोकरीचं बघू — मारुतराव सर चिडले की आधी चष्मा पुसतात, तेवढ्यात मी काहीतरी बोलेन.

विचारा एकेक. कंडक्टर — नाही. केस — नाही. हसू नका सर, मलाही येतंय. बटणं — दोन लावते, तिसऱ्याला कंटाळते. दोन म्हंजे... बरं, नाही.

"रस्ता एकटी ओलांडते" — ते राहू द्या. ते हो आहे. खरंच हो आहे. ओलांडला तिनं, सोलापूर रोड, एकटीनं — मार्चमध्ये — मी पिशवी खाली ठेवायला हात सोडला, आणि — ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, वरची कांद्याची गोणी रस्त्यात फुटली, तो खाली उतरून मला शिव्या घालतोय आणि ही पलीकडं उभी राहून टाळ्या वाजवतेय. तिला घेऊन मी तशीच इथं आले, कॉम्प्युटर लावला, आणि "हो" केलं. वाटलं, लिहिलं की ती रस्ता ओलांडायला शिकली असं होईल. हातातून सुटली, असं राहणार नाही.

...नाही करा.

करा ना सर. नाही.

किती? एकतीस? आणि उतरवला म्हणून लाल. बरं — छापा, दोन प्रती काढा. चहा पुन्हा कधीतरी. उठा आता, घंटा होईल इतक्यात, आणि फाटकाशी तिच्या आधी मला पोचायचंय.