पेटीतला खर्ज

म्या मूळची जळकोटची, दिली बेंबळीत. बाप शेतमजूर, पण गाण्याचा लई नाद, खुरपताना बी गायचा, तितनंच माझ्या गळ्यात आलं. सासरी घरचीच गायन पार्टी, आमचे मालक पेटीवर, धाकले भावजी ढोलकीवर, अन् गायला बाई न्हाय. सासूबाई म्हणाल्या, सुनंला बसवा की, लाजायचं काय त्यात. झालं, जयंती आली की आमी वस्त्यावस्त्यांनी गात फिरायचो.

मग दुष्काळ पडला. सगळी दुष्काळी कामावर, खडी फोडायला. पेटी कोण उचलून न्हेणार तिथं, भावजी ढोलकी तेवढी आणायचे, भाकर खाल्ली की म्या गायची. पार खालच्या टोळीतल्या बाया म्हणायच्या, अगं शेवंता, शब्दन् शब्द कळला बग.

पुढं पाऊसपाणी झालं, मालकांना दूध सोसायटीत काम लागलं, अन् त्यांनी हौसंनं डबल सुराची पेटी आणली. पुढची बोंडं ओढली की बारीक सूर अन् खालचा जाड खर्ज दोन्ही संगंच वाजायचे. काय सांगू तुम्हाला, मालक सगळी बोंडं ओढूनच बसायचे, पेटी कशी भरून वाजली पायजे म्हणायचे.

तवा कॅसेटचं वारं आलं अन् आमी बी उस्मानाबादला गेलो. रेकॉर्डिंगवाले मास्तर, कानाला यंत्र लावलेलं, म्होरं बटनं. गाणं झालं, लावून दाखवलं, तर माझा आवाज कुठंच न्हाय! नुसतं घों घों. मास्तरांनी ढोलकी कमी केली तर गाण्यातला जीवच गेला, वाढवली तर पुन्हा घों घों. मालक म्हणाले, बाईचा आवाजच बारका, तामलवाडीचा गडी बोलवू.  एवढी वर्सं गायले, अन् कॅसेटवर दुसऱ्याचा गळा? रडू आलं, पण राग बी आला.

म्या म्हणलं, मास्तर, खडीवर नुसत्या ढोलकीवर माझं समद्यांना कळत हुतं, तर हितंच का न्हाय? मास्तर थांबले. म्हणाले, एकेक वाजवा बरं. भावजींनी ढोलकीच्या जाड तोंडाची धुम वाजवली, सुटी, गोल. मग संगं पेटी, की झाला चिखल. मास्तर म्हणाले, दोघं एकाच जाग्यावर बसलेत, पेटीचा खर्ज अन् ढोलकीची धुम, एकानं उठाय पायजे. मालक भडकले, खर्ज बंद करायला म्या ही पेटी आणली व्हय?  म्या म्हणलं, अवो, खर्ज भावजींना द्या, तुम्ही वरचा सूर धरा, एकदाच, माझ्यासाठी.

मालकांनी एकदा माझ्याकडं बगितलं. मग खर्जाचं बोंड आत ढकललं.

दुसऱ्यांदा गाऊन लावलं, अन् ढोलकी कशी ठण् वेगळी, पेटी वर, अन् मधी म्या! सगळे शब्द. भावजी म्हणाले, वहिनी, धुम बी आजच ऐकू आली मला माझी. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला बगा.  घरला जाताना यष्टीत मालक माझ्याकडं बोट दावून शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणले, गाणारी आमचीच मंडळी.

आता मालक न्हायत, माझा गळा बी बसलाय. नातीनं ती कॅसेट मोबाईलवर घेतलीया, कवा कवा लावती. म्या ऐकते अन् माझ्या आवाजापरीस पेटीच ऐकत बसते, किती हलकं वाजवलंय त्यांनी, बाई. माझ्यासाठी. तुमचं बी असंच कुणीतरी ऐकून घेऊ दे, दादा, सुखी ऱ्हावा.