दुसरी पिढी, पाचवी पिढी

म्हाताऱ्यानं जुनी स्पोर्ट्स कार देऊन नवी घेतली, तर सेल्समनचं महिन्याचं टार्गेट एका फटक्यात पुरं होणार होतं. म्हणून पदरच्या दोन कॉफ्या पाजून तो बापलेकीच्या मागे कान टवकारून उभा होता.

"बाबा, तुमची दुसऱ्या पिढीची, ही पाचव्या पिढीची. तीन सेकंदांत शंभर!"

"आणि चौथ्याला सिग्नल."

"गिअर आपोआप पडतात."

"मग मी काय, हाताची घडी घालून बसू?"

"तुमच्या गाडीतून उतरताना दर रविवारी मला तुम्हाला ओढून काढावं लागतं. हिची सीटच वर येते."

"म्हणजे रविवारी तुला सुट्टी?"

"...चला घरी. आज मी चालवते."

"क्लच हळू सोड. अहो साहेब, बॅटरी बसलीय, गाडीला जरा धक्का मारता का?"

दोन कॉफ्या आणि फाटकापर्यंतचा धक्का, दोन्ही सेल्समनच्या खात्यावर पडले.