नळीवरचं कुंकू

वल्लरी: ...म्हणून निघतोय आम्ही. पाइप वर ओढायला सुरुवात झालीय. बाबा, ऐकू येतंय ना?

गुणाकर: येतंय. आवाज उशिरा पोचतो, म्हणून थांबून थांबून बोल. निघताय म्हणजे बंदराला येताय ना?

वल्लरी: हो. विशाखापट्टणम.

उमा: लय चांगलं झालं, माय! सकाळपासून टीव्हीवर ते तुफान दाखवून राह्यले. तू सीधी घरी ये. जेवली का?

वल्लरी: तुफानामुळे नाही निघत, आई. तुफान अजून लांब आहे.

गुणाकर: मग?

वल्लरी: रिकामी आहे म्हणून.

उमा: पाह्यलं? उपाशी आहे पोरगी.

वल्लरी: जागा, आई. जागा रिकामी आहे. मोहिमेच्या साहेबांनी तसं जाहीर करून टाकलं.

गुणाकर: रिकामी तर रिकामी. बैहरकडे मी एवढे हॅन्डपंप बसवले, त्यातले कितीतरी बोअर कोरडे गेले. पाणीपुरवठा विभागानं मला फासावर नाही चढवलं.

वल्लरी: ही जागा मी निवडली होती, बाबा. सहा वर्षं लावली. पाण्यात आवाज सोडायचा, तळाखालून त्याचा पडसाद येतो, त्याच्या रेघा वाचायच्या. मी बोट ठेवलं, इथं आहे म्हटलं, आणि अख्खं जहाज इथं आलं.

उमा: तोच ना, जळणारा बर्फ?

गुणाकर: मिथेन हायड्रेट म्हण, उमा. कितीदा सांगितलं.

उमा: तुमी म्हणा. मले बर्फच बरा. समुद्राच्या खाली बर्फ हाये अन् काडी लावली तं पेटते, असं म्या लामता गावच्या माझ्या भावाले सांगितलं, तं त्यानं मले येडीच ठरवलं.

वल्लरी: इथं मला ठरवलंय. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडमचा बर्फ कागदावर होता, कागदावरच वितळला. आता हा प्रकल्पच गुंडाळतील. पुन्हा जहाज मिळत नसतं, बाबा.

गुणाकर: नारळ नीट फोडला होता ना?

वल्लरी: फोडला. तळाखालच्या मातीनं भरलेली पहिली नळी वर आली तेव्हाच. तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं. हार, हळद-कुंकू, आरती. साहेबांनी भाषणही ठोकलं.

गुणाकर: रामपायलीच्या मंदिरातला नारळ होता तो. जमिनीच्या पोटातून पहिली वस्तू निघाली की आधी तिचा मान, मग आपला हात. आमच्याकडे साधा बोअर लागला तरी...

उमा: नारळ चांगलाच होता, मीच वाजवून घेतलता. पण माझं मन तं तेव्हाच खचकलं.

वल्लरी: का?

उमा: जाऊ दे. आता बोलून काय.

वल्लरी: आई, बोल ना.

उमा: ते कुंकू. नळीच्या तोंडावर लावलं अन् लगेच वाहून गेलं. पूजेच्या व्हिडिओत दिसलं मले. म्या म्हटलं, हे लक्षण बरं नाही. तं तुझ्या बाबानं मले चूप बसवलं.

वल्लरी: वाहून गेलं? कशानं?

उमा: फेसानं.

वल्लरी: आई. कसला फेस?

उमा: अवं, नळीच्या तोंडून फेस नव्हता का येत? सोड्याची बाटली खोलल्यावानी. तू तिकडल्या टोकाले नारळ घेऊन वाकली होती, तुझी इकडं पाठ होती. बाकीचे सारे साहेबाचं तोंड पाहून राह्यलते.

वल्लरी: अरे देवा.

उमा: म्हणून तं म्या सांगत नव्हती. अपशकुन...

वल्लरी: अपशकुन नाही, आई! तोच होता तो! तळाखाली थंडी असते, वरून समुद्राचा दाब असतो, तोवरच तो बर्फ राहतो. वर आणला की सुटला. फेस होतो, गॅस उडून जातो, मागे पाणी. म्हणून नळी आली की धावत न्यायची असते, थंडी दाखवणाऱ्या कॅमेऱ्याखाली. आणि आम्ही तिला उन्हात मांडून आरती म्हणत बसलो! कॅमेऱ्याखाली नेली तेव्हा आत नुसती ओली रेती होती. रेतीचा थर तेवढा एकच, बाकी नळ्यांत चिखल. भोकात सोडायचं मोजणीचं यंत्र आधीच बिघडलेलं. म्हणून रिकामी म्हटलं सगळ्यांनी. मीसुद्धा!

गुणाकर: म्हणजे माझ्या नारळानं...

वल्लरी: नारळ सोडा, बाबा. व्हिडिओ पाठवा. आत्ताच्या आत्ता.

गुणाकर: कोणता?

वल्लरी: माझ्यासोबतच्या पौर्णिमानं काढला होता तो. तिनं सरळ तुमच्या फोनवर टाकला होता. इथं साहेबांनी सगळ्यांना आपापले व्हिडिओ पुसायला लावले. डेकवर मोबाईल आणायची मनाई आहे म्हणे. व्हिडिओत त्यांच्याच गळ्यात हार दिसतो ना. मी तर शेवटपर्यंत पाहिलाही नव्हता.

गुणाकर: पण परवा तूच म्हटलं, बाबा, तो काढून टाका.

वल्लरी: म्हटलं. काढला तुम्ही?

गुणाकर: काढला.

वल्लरी: फोनमध्ये कुठंतरी पडलेला असतो, बघा ना एकदा. नाहीतर तुमच्या रिटायर लोकांच्या ग्रुपवर? शालिकराम काकांना तरी पाठवला असेल?

गुणाकर: नाही. वरून आदेश आला, पालन झालं. पस्तीस वर्षं तेच केलं मी.

वल्लरी: मग मी काय दाखवू त्यांना? एक नळी पुन्हा काढायची आहे, बस. कप्तान मघाशीच म्हणाला, तुफान यायच्या आधी पहाटेपर्यंत थांबता येईल. फक्त साहेब हो म्हणायला पाहिजेत. काय सांगू, आईनं बालाघाटहून कुंकू वाहताना पाहिलं?

उमा: सांग ना! मी कोणाले भेते का?

वल्लरी: आई, इथं कोण ऐकणार... हॅलो? बाबा, एकदा परत बघा, प्ली—

(फोन कट होतो.)

उमा: काढला म्हणता?

गुणाकर: हो.

उमा: मग सकाळी चहा पेता पेता काय पाहून राह्यलते? रांधणीत मले साहेबाचं भाषण ऐकू येऊन राह्यलतं.

गुणाकर: हळू बोल.

उमा: कोण हाये ऐकायले? फोन तं मेला.

गुणाकर: उमा, जरा डोकं लाव. व्हिडिओ पाठवला तर जहाज थांबेल. तुफान तिकडून येणार आणि पोरगी तिथंच उभी. नाही पाठवला तर आत्ता ते किनाऱ्याला लागतात. यात विचार करण्यासारखं काय आहे?

उमा: कप्तान तं थांबता येते म्हणते.

गुणाकर: कप्तान! बैहरच्या घाटात टपावर माणसं बसवून जीपवालाही म्हणतो, कुछ नहीं होता, बैठो.

उमा: हौ. तेही खरं.

गुणाकर: तूच म्हटलं ना, सीधी घरी ये.

उमा: म्हटलं म्या. बरं केलं तुमी. येऊ द्या तिले. चार दिवस रडेल, तोंड फुगवेल, मग जेवेल.

गुणाकर: तेच म्हणतो मी. कामं काय, पुष्कळ मिळतात.

उमा: पुढचं बोलू नका. बरं केलं म्हटलं ना. तेवढ्यावर राहू द्या.

गुणाकर: वाजतोय. तू मध्ये पडू नकोस, मी बोलतो. हां, वल्लरी?

वल्लरी: नाही ना सापडला?

गुणाकर: नाही, बेटा. सगळीकडे पाहिलं.

वल्लरी: मी साहेबांकडे जाऊन आले. सगळे होते तिथं. हसले ते. म्हणाले, समुद्रातून काढलेली नळी आहे, पाणी नाही तर काय दूध गळेल? आणि फेस साबणाचाही असतो. खरंच आहे, बाबा. डेक रोज साबणानं धुतात.

गुणाकर: असेल. असूही शकतं.

वल्लरी: मी उगाच ओरडले तुमच्यावर. नारळाचं मनाला लावून घेऊ नका. तिथं काही नव्हतंच.

गुणाकर: असं नाही म्हणू...

वल्लरी: नव्हतं. सहा वर्षं मी त्या रेघांत जे नाही तेच पाहत बसले. अहवालात माझं वाचन चुकलं असं मीच लिहायचं आहे, लिहून टाकते. मग सोडते हे. बालाघाटला एखाद्या शाळेत भूगोल शिकवेन. नाहीतर तेही नको. आपण पाहिलेलं खरं असतं का, हेच आता मला सांगता येत नाही, तर पोरांना काय शिकवू?

उमा: वल्लरी.

वल्लरी: आई, तू खरंच फेस पाहिला होता? की मी विचारलं म्हणून म्हणाली?

गुणाकर: उमा.

वल्लरी: साबणाचाच होता ना? साबणाचा होता म्हण, आई. मग सुटते मी. बस, एकदा म्हण.

गुणाकर: उमा, तिला म्हण, छोट्या फोनमध्ये नीट दिसलं नाही.

उमा: साबण नव्हता तो. आतून येऊन राह्यलता, रेती लोटत. अन् माझ्या म्हणण्यावर जाऊ नको तू. व्हिडिओ हाये.

वल्लरी: काय?

उमा: हाये. तुझ्या बाबाच्या फोनमधी. रोज पाह्यते तो माणूस.

गुणाकर: वल्लरी, ऐक...

वल्लरी: बाबा, तुम्ही आत्ता म्हणालात, सगळीकडे पाहिलं.

गुणाकर: म्हणालो.

वल्लरी: मी त्या सगळ्यांसमोर जाऊन हसं करून घेतलं! मला वाटायला लागलं की मीच वेडी...

गुणाकर: मग काय करू मी? तुफान येतंय तिथं! मला काय करायचं तुझ्या बर्फाचं? तो युगानुयुगं पडलाय समुद्राखाली, आणखी पडून राहील. मी वैनगंगेच्या पुलावरून जातो तेव्हा खाली पाहत नाही, वल्लरी. अन् तुझ्या पायाखाली किती पाणी आहे, मला विचारवतही नाही.

वल्लरी: बाबा. रडू नका.

गुणाकर: कोण रडतं?

उमा: पाठवा.

गुणाकर: तू पाठव. माझ्यानं नाही होत.

उमा: मले येत असतं तं कव्हाच पाठवला असता. दाबा तुमी.

गुणाकर: अन् काही झालं म्हणजे? तूच म्हणशील, तुम्ही पाठवला.

उमा: म्हणेन. जनमभर म्हणेन. पण नाही पाठवला तं ती काहीच म्हणणार नाही. ऐकलं नाही का, कशी बोलून राह्यली? अशी पोरगी घरी येऊन तरी काय येईल?

वल्लरी: बाबा, ढग येतायत. नेट जाईल इथलं.

गुणाकर: दाबलं. जातोय. ...चाललाय अजून.

वल्लरी: नाही आला.

गुणाकर: जातोय म्हटलं ना! मोठा आहे तो. साहेबाचं भाषणच केवढं.

वल्लरी: आला! थांबा. कुठे... हां. आई. आई, दिसतंय गं! आतून येतंय, रेती उचलून... पौर्णिमा, इकडे ये, हे बघ. साहेबांना बोलव, नाही, आधी कप्तानाला. बाबा, ठेवते मी.

गुणाकर: वल्लरी, एक मिनिट! पहाटेपर्यंतच ना? त्यापुढे नाही ना थांबणार ते? हॅलो?

उमा: गेली ती.

गुणाकर: उत्तर नाही दिलं तिनं.

उमा: तिले ऐकूच नाही गेलं. फोन खाली ठेवा.

गुणाकर: राहू दे हातात. ...साहेब पुन्हा नाहीच म्हणाला तर?

उमा: तुमी देवाले तेच मागून राह्यले ना?

गुणाकर: हो. तू?

उमा: म्या काहीच मागितलं नाही. काय मागावं तेच समजून नाही राह्यलं.

गुणाकर: थांब, आलं काहीतरी. तिचंच आहे.

उमा: वाचा ना जल्दी.

गुणाकर: "थांबलो. नळी परत खाली सोडतायत."

उमा: अन्?

गुणाकर: एवढंच. ती नळीसुद्धा रिकामी आली तर, उमा?

उमा: तं रिकामी म्हणेल ती. पण पाहून म्हणेल.

गुणाकर: अन् तोवर आपण काय करायचं?

उमा: बसा इथंच. बोलू नका. पण उठूही नका.